गॅस टँकरवर साधनं सगळी असतात, तरी या चुका होतात

टँकर रिकामा करायला घेतला, व्हॉल्व्ह उघडला, होज (टँकर आणि प्लांट जोडणारी नळी) क्षणभर थरथरला आणि गॅस यायचा थांबला. एलपीजी प्लांटच्या अनलोडिंगवर काम करताना हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. ड्रायव्हर म्हणतो, ‘साहेब, लाइन चोक झाली.’ बहुतेक वेळा लाइन चांगली असते. टाकीतला एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह बंद होऊन बसलेला असतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जोरात द्रव बाहेर पडू लागला, की होज फुटला असं समजून तो आपोआप बंद होतो. रिकाम्या होजमध्ये तुम्ही एका झटक्यात गॅस सोडलात, तर त्याच्या लेखी होज फुटलाच!

अशा वेळी हातोडीने ठोकू नका. बाहेरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि थांबा. आतल्या व्हॉल्व्हला दाब समान होण्यासाठी बारीक छिद्र असतं. दोन्हीकडचा दाब सारखा झाला, की स्प्रिंग त्याला परत उघडते. कान देऊन उभं राहिलात, तर ‘टक्’ असा आवाज बऱ्याचदा ऐकू येतो. मग हँडल हळूहळू फिरवा. तरी पुन्हा बसला, तर काम थांबवून होज आणि सगळे जोड तपासा, कारण आता तो खरोखरची गळती दाखवत असू शकतो. उलट, जोडातून बारीक झिरपणाऱ्या गॅसला हा व्हॉल्व्ह अडवत नाही. म्हणून गाडी लावून चहाला जाणं चालत नाही, तिथे माणूस हवाच.

याहून वाईट सवय म्हणजे तार. आतला मुख्य व्हॉल्व्ह दूरवरून केबलने किंवा हवेच्या दाबाने बंद करता येतो. जवळ आग लागली असताना व्हॉल्व्हपर्यंत कोणी जाऊ शकणार नाही, म्हणूनच ती सोय आहे. पण तो उघडा धरणारा लीव्हर मध्येच पडतो, काम खोळंबतं, मग कोणीतरी तो बाइंडिंग वायरने उघडा बांधून ठेवतो. एकदा तपासणीत मला अशी तार दिसली, ती गंजलेली होती. म्हणजे टँकर किती दिवस तसाच फिरत होता, याचा विचार करा. लीव्हर टिकत नसेल तर हवेची गळती, केबलचा ताण किंवा सील तपासून घ्या. दुरुस्ती होईपर्यंत गाडी भरू नका.

स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून लावायच्या अर्थिंगची चूक साधी दिसते. क्लिप लावलेली असते, पण रंगावर. नव्याने रंगवलेल्या गाडीत तर अर्थिंगच्या बोल्टवरही रंगाचा थर चढतो आणि क्लिप नुसती लटकते. बोल्ट घासून उघडा धातू दिसू द्या आणि जोडणी मीटरने तपासा. होज जोडण्याआधी अर्थिंग लावायचं आणि होज काढल्यानंतरच सोडायचं. घाईत हा क्रम हटकून उलटा होतो.

स्पार्क अरेस्टरबद्दल, म्हणजे धुराच्या नळीतून ठिणग्या बाहेर पडू न देणाऱ्या साधनाबद्दल, ड्रायव्हरची तक्रार खरी असते. काजळी साचली की गाडी ओढत नाही. म्हणून तो काढून ठेवतात आणि प्लांटचं गेट आलं की चढवतात. तो साफ करून घ्या, खराब झाला असेल तर बदला. गॅस रस्त्यावरही गळू शकतोच.

उन्हाळ्यात दुपारी टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुस्कारे टाकू लागला, की काहीजण त्याच्या तोंडात चिंधी कोंबतात. हे कधीही करू नका. टाकीवर पाणी मारा, गाडी सावलीत घ्या आणि पातळी तपासा. द्रव उन्हाने फुगतो, त्याला वर मोकळी जागा लागते. म्हणून एलपीजी टाकी आकारमानाच्या साधारण ८५ टक्क्यांपर्यंतच भरायची असते. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमधल्या लॉस अल्फाकेसला प्रोपिलीनचा टँकर फुटून दोनशेहून अधिक माणसं गेली. तो टँकर प्रमाणाबाहेर भरला होता आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता.

अग्निशामकाच्या बाटलीची तारीख सगळे पाहतात. काटा हिरव्यात आहे का, पिन निघते का, हेही पाहा. खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी आतली पावडर दबून घट्ट होते. आणि गॅसच्या ज्वाळेवर ती मारण्याआधी गॅस बंद करता येतो का, ते बघा. गळती चालू ठेवून ज्वाळा विझवली, तर न जळलेला गॅस जमिनीलगत पसरतो, कारण तो हवेपेक्षा जड आहे, आणि पुढे कुठेतरी पेट घेतो.

धोक्याची माहिती लिहिलेला मागचा पत्रा पुसलेला असू द्या. एलपीजीचा १०७५ हा युएन क्रमांक (धोकादायक माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) चिखलाखाली गेला, तर अग्निशमन दलाला दुरून काहीच कळत नाही.

व्हॉल्व्हभोवतीच्या लोखंडी संरक्षक चौकटीकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. वेल्डिंग तडकलं तरी ‘पुढच्या फेरीला बघू’. टँकरवरच्या जोडण्यांच्या संरक्षणासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं ओआयएसडी-१६० हे वेगळं मानकच आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूर-अजमेर महामार्गावर यू-टर्न घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकने धडक दिली. त्या धडकेत नोझल तुटलं, गॅसचा ढग पसरून पेटला आणि आसपासची वाहनं जळाली. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून गॅस टँकर काजळी नदीत कोसळला, चालक गेला आणि मुंबई-गोवा महामार्ग बंद ठेवावा लागला. त्या वळणांवरून रोज असे टँकर जातात. तेव्हा निघण्याआधी चौकटीच्या प्रत्येक जोडावर हात फिरवा, तडा लागला तर गाडी तिथेच थांबवा.

रस्त्यात गळती झालीच, तर इंजिन बंद करून मास्टर स्विच पाडा आणि परत सुरू करू नका. ट्रेम कार्ड (मालाचे धोके आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) घेऊन वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जा, दोन्हीकडची वाहनं थांबवा. मोबाइल लांब गेल्यावरच काढा आणि १०१, ११२ आणि गॅसच्या १९०६ वर कळवा.