जहाजावर पोटाची साथ: क्रूने या चुका टाळा

क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ पसरली की बातमी प्रवाशांची होते. सुट्टी वाया गेली, केबिनमध्ये अडकून पडलो, पैसे परत द्या. पण प्रवासी ठरल्या दिवशी उतरून घरी जातो. क्रू, म्हणजे जहाजावरचे कर्मचारी, मात्र त्याच जहाजावर पुढचे कित्येक महिने असतो, आणि त्याच दुपारी नवे प्रवासी चढतात. एका फेरीतली साथ पुढच्या फेरीत पुन्हा उपटते ती यामुळेच. बहुतेक वेळा यामागे नोरोव्हायरस नावाचा विषाणू असतो. त्याचे मोजके कण पोटात गेले तरी पुरतात, लक्षणं 12 ते 48 तासांत दिसतात आणि आजार एक ते तीन दिवसांत आवरतो. खरं नुकसान होतं ते त्या दिवसांत आणि त्यानंतर केलेल्या चुकांमुळे.

आजार लपवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि सगळ्यात समजण्यासारखीही. आयसोलेशनमध्ये गेलं की टिप बुडते, टीममधल्या बाकीच्यांवर काम पडतं, सुपरवायझर तोंड वाकडं करतो. मग ‘दोनदाच तर जावं लागलं’ म्हणत बॅगेतली जुलाब थांबवणारी गोळी घ्यायची आणि ड्युटीवर उभं राहायचं. गोळीने जुलाब थांबतात, विषाणू नाही. तो हातावरून ग्लासवर आणि ग्लासवरून पुढच्या माणसाकडे जातच राहतो. क्रूझ जहाजांची स्वच्छता तपासणाऱ्या अमेरिकेच्या व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅमच्या नियमांनुसार अशी औषधं जहाजावर मेडिकलच्या, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्याच्या, नेमलेल्या लोकांनीच द्यायची असतात, तेही याचसाठी.

नोंद कधी करायची, याचा घोळ घालू नका. 24 तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा उलटी आणि तिच्यासोबत पोटात कळ, अंगदुखी, डोकेदुखी, ताप यांपैकी काहीही, एवढं झालं की मेडिकलला कळवायचं. ‘शिफ्ट संपल्यावर जातो’ म्हणू नका. फोन करा आणि ते सांगतील तसं वागा.

इथे दोष एकट्या क्रूला देणं मला पटत नाही. जिथे खरं बोलल्यावर खिसा रिकामा होतो, तिथे माणसं खोटं बोलणारच. सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी 2006, सांगतो की आजारी खलाशी जहाजावर असेपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळाला पाहिजे. पण ज्याच्या कमाईचा मोठा भाग टिपचा, त्याच्या हातात नेमकं काय पडणार हे कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधीच विचारून घ्या.

‘बरं वाटतंय’ म्हणून लगेच परतणं

गॅली (जहाजाचं स्वयंपाकघर), बार, रेस्टॉरंट, जिथे अन्नाशी संबंध आहे तिथल्या माणसाने लक्षणं पूर्ण थांबल्यापासून किमान 48 तास वेगळं राहायचं. बाकीच्यांनी 24 तास. हे तास शेवटच्या जुलाबापासून किंवा उलटीपासून मोजायचे. आजार सुरू झाल्यापासून मोजणारे बरेच भेटतात, आणि रोस्टर भरण्याच्या घाईत त्यांना कोणी टोकतही नाही. परतल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ शौचातून विषाणू बाहेर पडू शकतो. त्यामुळे हात धुण्यात ढिलाई चालत नाही. एकदा होऊन गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. या विषाणूचे प्रकार अनेक आहेत.

सॅनिटायझरवर भिस्त

अल्कोहोलचं जेल नोरोव्हायरसवर भरवशाचं नाही. साबण, वाहतं पाणी आणि 20 सेकंद चोळणं, हेच खरं. ग्लोव्ह्ज घातलेत म्हणून हात धुवायचे राहिले, तर ग्लोव्ह्ज नसलेले बरे.

क्लोरीनचं पाणी अंदाजाने बनवणं

साफसफाई जीव तोडून चालू आहे, तरी नवे रुग्ण येतच आहेत? मग आधी बादलीकडे बघा. नोरोव्हायरससाठी 1000 ते 5000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन सांगितलं जातं. क्लोरीन मोजणारी टेस्ट स्ट्रिप न लावता ‘वास येतोय म्हणजे ठीक’ धरलं की मेहनत पाण्यात. दुसरी चूक म्हणजे घाण आधी न काढता थेट ब्लीच मारणं. घाणीतच क्लोरीन खर्च होतं आणि विषाणू शाबूत राहतो. तिसरी घाईची: फवारलं, लगेच पुसलं. लेबलवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिलाच पाहिजे.

कार्पेटवर उलटी झाली तर व्हॅक्यूम चालवू नका, कण हवेत उडतात. मास्क, ग्लोव्ह्ज, एप्रन घालून ती टिपून घ्यायची, मग वाफेने साफ करायची: 70 अंश सेल्सिअसला पाच मिनिटं किंवा 100 अंशांना एक मिनिट. आणि टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. केबिनच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसाला आडवा करतो.

क्रूचा भाग विसरणं

प्रवाशांच्या लिफ्टची बटणं दिवसातून कितीदा तरी पुसली जातात. क्रूच्या जिन्याचा कठडा, मेसमधले चिमटे, पँट्रीतला सगळ्यांचा फोन, हजेरीचं मशीन मात्र तसंच राहतं. कोड रेडमध्ये, म्हणजे साथीच्या काळातले कडक नियम लागू असताना, प्रवाशांना बुफेवर स्वतः वाढून घेता येत नाही. क्रू मेसमध्येही तोच नियम हवा. दोघांच्या केबिनमध्ये एक आजारी पडला की दुसऱ्यानेही मेडिकलला कळवायचं आणि बाथरूम क्लोरीनने पुसल्याशिवाय वापरायचं नाही.

आकड्यांनी फसू नका. 2025 च्या मार्चमध्ये निघालेल्या ‘क्वीन मेरी 2’ या क्रूझ जहाजाच्या फेरीत 200 हून अधिक प्रवासी आजारी नोंदले गेले, क्रूमधले 20 हून कमी. प्रशिक्षणाचा यात वाटा असेलच. पण नोंद न झालेला माणूस आकड्यात दिसत नाही, आणि एक वेटर दिवसाला शेकडो ताटं हाताळतो.

बऱ्यांना राबवून आजारी पाडणं

साथीत जादा सफाई उरलेल्यांच्या माथी येते. तरीही कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत 77 तास विश्रांती हा एमएलसीचा नियम साधारणपणे लागूच असतो. प्रत्यक्ष केलेले तासच नोंदवा. न घेतलेल्या विश्रांतीखाली सही करू नका.

आयसोलेशनमध्ये असाल तर ओआरएस घोटघोट घ्या; एकदम ग्लासभर प्यायलात तर उलटून पडेल. लघवी फार कमी किंवा गडद होतेय, उभं राहिल्यावर चक्कर येतेय, शौचात रक्त दिसतंय किंवा पाणीही टिकत नाहीये, तर सकाळच्या तपासणीची वाट न बघता केबिनमधून मेडिकलला फोन लावा, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात.