सँडर निवडताना आणि चालवताना या चुका टाळा

सँडर, म्हणजे सँडपेपरने लाकूड घासणारे यंत्र, घेताना बहुतेक जण आधी मोटर किती वॅटची आहे ते पाहतात. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: लाकडाचा किती जाड थर काढायचा आहे, आणि तो भाग सपाट आहे, वळणदार आहे की कोपऱ्यातला आहे. ज्या यंत्राने लाकूड झपाट्याने उतरते त्याने गुळगुळीतपणा येत नाही, आणि ज्याने गुळगुळीतपणा येतो त्याने वाकडी फळी सरळ होत नाही. चुकीच्या यंत्रावर जोर देऊन किंवा पेपर बदलून ही उणीव भरून निघत नाही. मात्र चूक नेमकी कुठे झाली ते लाकडावर उमटलेली खूण सांगते, म्हणून पुढे प्रत्येक चुकीबरोबर तिची खूणही दिली आहे.

बेल्ट सँडरने शेवटचा हात मारणे

बेल्ट सँडरमध्ये दोन रोलरांवरून पेपरचा अखंड पट्टा एकाच सरळ दिशेने धावतो. हातात धरायच्या यंत्रांत ३ इंच रुंद आणि १८ किंवा २१ इंच लांब पट्टा सर्रास आढळतो. जोडलेल्या फळ्यांमधला उंचसखलपणा काढणे, जुन्या जाड फळीवरचा खडबडीत थर उतरवणे, दाराची घासणारी कड कमी करणे, ही या यंत्राची खरी कामे होत. याच्या चुका वरवरच्या नसतात आणि त्या सहज पुसल्या जात नाहीत.

यंत्र क्षणभर जरी एका जागी थांबले तरी तिथे खळगा पडतो. तो उघड्या डोळ्यांना दिसला नाही तरी पॉलिशचा हात बसल्यावर उजेडात लगेच दिसतो. म्हणून यंत्र हवेतच चालू करावे, मागच्या टोकाकडून हळूच टेकवावे, टेकताक्षणी पुढे सरकवावे आणि उचलतानाही चालते ठेवूनच उचलावे. त्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते, वरून दाबण्याची गरज नसते. लाकडाच्या रेषांना आडवे चालवले तर तुटलेल्या तंतूंचे खोल ओरखडे राहतात, आणि ते काढण्यात कित्येक पेपर वाया जातात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असल्यास तो यंत्राच्या फिरण्याच्या दिशेनेच ठेवावा, कारण उलट बसवलेला पट्टा सांध्यात उकलू शकतो.

सजावटीच्या प्लायवूडवर बेल्ट सँडर लावणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. अशा प्लायवूडवरचा व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला शोभेच्या लाकडाचा पातळ थर, बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. आधी एखाद्या ठिकाणी रंग किंचित फिका वाटू लागतो, मग गोंदाची गडद छटा वर येते, आणि ती दिसली की खालच्या थराचा निराळाच रंग उघडा पडायला वेळ लागत नाही. तिथे दुरुस्ती उरत नाही, फक्त ठिगळ लावता येते. अशा पृष्ठभागावर १८० नंबरचा पेपर (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) लावलेला, लहान वर्तुळांत घासणारा ऑर्बिटल सँडर हलक्या हाताने फिरवला तरी पुरते.

रँडम ऑर्बिटलवर भार टाकणे

एकच यंत्र घ्यायचे असेल तर माझे मत ५ इंची रँडम ऑर्बिटल सँडरलाच आहे. याची गोल पॅड, म्हणजे पेपर लावायची गादी, मध्यापासून थोड्या सरकलेल्या आसावर झपाट्याने लहान वर्तुळे काढते आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही मोकळी फिरते. त्यामुळे पेपरचा कण एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही आणि ओरखडे एकमेकांत मिसळून जातात. हे मोकळे फिरणेच या यंत्राचे मर्म आहे आणि जोराने दाबल्यावर नेमके तेच थांबते.

मग लाकडावर डुकराच्या शेपटीसारखी बारीक वेटोळी उमटतात. कोरड्या लाकडावर ती जवळजवळ दिसत नाहीत, पण स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावताच तो त्यांत मुरतो आणि प्रत्येक वेटोळे गडद होऊन उठून दिसते. हे ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. पॅडच्या कडेवर मार्करने एक उभी रेघ मारावी आणि काम करताना तिच्याकडे लक्ष ठेवावे. रेघ स्थिर दिसू लागली किंवा फारच सावकाश फिरली, तर हात जड पडतो आहे असे समजावे. यंत्र सेकंदाला साधारण एक इंच या गतीने सरकवावे आणि प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग पुन्हा घ्यावा.

हात हलका असूनही वेटोळी येत असतील तर दोन कारणे तपासावीत. एक म्हणजे पेपरखाली अडकलेला आधीच्या जाड पेपरचा एखादा कण, कारण पेपर बदलताना पृष्ठभाग झाडला नाही तर तोच कण नव्या पेपरखाली ओढला जातो. दुसरे म्हणजे पॅडला हवेत वेगाने फिरू न देणारा ब्रेक झिजलेला असणे. यंत्र उचलताच पॅड किंचाळत वेगाने फिरू लागत असेल, तर परत टेकवताना ती लाकूड ओरबाडते. बेल्ट सँडरच्या अगदी उलट, हे यंत्र लाकडावर ठेवूनच चालू करावे.

यातही वर्तुळाचा आकार यंत्रागणिक वेगळा असतो. २ ते ३ मिलिमीटरचे वर्तुळ सफाईदार कामासाठी, तर ५ मिलिमीटरचे जलद घासण्यासाठी बरे. खरेदीच्या वेळी हा आकडा वॅटपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

कोपरा, कड आणि वळण यांना एकच यंत्र

गोल पॅड कोपऱ्यात पोचत नाही. तिथे ती खुपसली तर पेपर फाटतो आणि शेजारच्या फळीवर अर्धगोल खाच पडते. पेपरच्या पाव शीटवर चालणारा चौकोनी ऑर्बिटल सँडर अशा ठिकाणी जातो आणि त्याला साधा पेपर कापून लावता येतो. टोकदार डिटेल सँडर आणखी अरुंद जागेत शिरतो, पण त्याने टेबलाचा अख्खा पृष्ठभाग घासू नये, कारण पॅड लहान असल्याने पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. पाइनसारख्या लाकडात तर पॅड मऊ असेल तर रेषांमधला मऊ भाग अधिक झिजतो आणि कठीण रेषा उंच राहतात. सपाट कामाला कडक पॅड आणि वळणाला मऊ पॅड, हे धोरण ठेवावे. फळीच्या कडेवर पॅडचा अर्ध्याहून अधिक भाग बाहेर गेला की यंत्र कलंडते आणि कड गोलावते, म्हणून कडेशी पॅडचा मोठा भाग लाकडावरच राहू द्यावा.

अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून सँडरचे काम घेणे टाळावे. १०० मिलिमीटरचे ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. खुर्चीच्या बैठकीचा खोलगट आकार काढायला ते चालते, पण सपाट फळीवर त्याने चंद्रकोरीसारखे खड्डे आणि जळके डाग पडतात.

पेपरचे नंबर गाळणे

८० नंबरनंतर थेट २२० घेतला, तर बारीक पेपर खोल ओरखडे काढत नाही, फक्त त्यांची धार मारतो. ८०, १२०, १८० असे चढत जावे. प्रत्येक टप्प्याआधी पेन्सिलीच्या फिक्या आडव्यातिडव्या रेघा माराव्यात आणि त्या सगळ्या गेल्यावरच पेपर बदलावा. दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला तर राहिलेले ओरखडे सावली टाकतात. स्टेन लावायचा असेल तर १८० वा २२० वर थांबावे, त्यापुढे लाकूड रंग कमी शोषते. याउलट फळीचे कापलेले टोक रंग जास्त पिते, म्हणून ते एक नंबर बारीक घासावे. ‘पी’ अक्षराचे आणि विनाअक्षराचे नंबर २२० पर्यंत जवळपास सारखे असतात. पुढे त्यांत फरक पडतो आणि ‘पी ४००’ हा अमेरिकी पद्धतीच्या ३२० च्या जवळ येतो.

धुळीकडे दुर्लक्ष

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. व्हॅक्यूम जोडणे आणि एन९५ दर्जाचा मास्क लावणे हा म्हणूनच कामाचाच भाग आहे. पेपरची भोके पॅडच्या भोकांवर जुळली नाहीत तर धूळ ओढली जात नाही, पेपर गच्च भरतो आणि तापतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असेल तर तो सँडरने काढू नये. लाकडात खिळे असतील तर ते आधी काढावेत, कारण खिळ्याची ठिणगी धुळीच्या पिशवीत गेल्यास पिशवी आतल्या आत धुमसू शकते.

पेपर वारंवार निसटत असेल तर दोष बहुधा पेपरचा नसतो. दाब आणि उष्णता यांनी पॅडवरचे, पेपर धरून ठेवणारे बारीक हुक वितळून आडवे झालेले असतात, आणि ते आधी पॅडच्या कडेला झिजतात. अशा पॅडवर नवा पेपरही मध्यावर नीट बसत नाही आणि यंत्र थरथरते. पॅड सुटी मिळते आणि काही स्क्रूंवर बदलता येते, म्हणून सँडर घेतानाच त्याची पॅड आणि ब्रेकची रिंग मिळते का, हे विचारून घ्यावे.