फरसबीची सुकी भाजी, मुंबईत पहिल्यांदा करताना

मुंबईत भाजीवाल्यापुढं उभं राहून ‘पाव किलो घेवडा द्या’ म्हणालात, तर पिशवीत बहुतेक वेळा चपटी, रुंद पापडी पडते. ती वालाची शेंग. सातारा, सांगली, पुण्याकडं ज्याला श्रावण घेवडा म्हणतात त्या गोल, बारीक, हिरव्यागार शेंगेला इथं फरसबी म्हणायचं. गुजराती भाजीवाला तिला फणसी म्हणतो, उत्तरेकडचा बीन्स म्हणतो. तिन्ही एकच. हीच शेंग झाडावर वाळली की आतल्या दाण्याचा राजमा होतो. कोरेगावचा वाघ्या घेवडाही याच कुळातला. गवार मात्र वेगळी भाजी. तिला वेळ जास्त लागतो आणि खालचं माप तिला चालत नाही.

नावासारखंच बाकीचं आहे. भाजी गावचीच करायची, पण पाण्याचा, वेळेचा, साठवणीचा गावचा अंदाज इथं जसाच्या तसा लागू पडत नाही. घाटावरून, मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली मुलं-मुली महिनाभर प्रयत्न करतात, भाजी कधी करपते, कधी लगदा होते, डबा आंबतो, आणि मग ‘मुंबईच्या भाज्यांना चवच नाही’ असं म्हणत रोज वडापाववर येतात. भाज्यांचा दोष नाही. नाशिक-पुण्याकडूनच ट्रक येतात, म्हणजे शेंग बऱ्याचदा तुमच्याच भागातली असते.

एक सल्ला आधीच देतो. दोन्ही गोष्टी घरी करायचा हट्ट धरू नका. चपात्या जवळच्या पोळीभाजी केंद्रातून घ्या, त्या चांगल्या असतात. भाजी घरी करा. पाव किलो फरसबी निवडून, चिरून, शिजवून ताटात यायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि ती दोघांना पुरते.

खरेदीत घाई नको. शेंग दोन्ही हातांत धरून वाकवा. कट्कन मोडली तर ताजी. रबरासारखी वाकली तर दोन दिवसांची. मोडलेल्या टोकाकडं बघा: आतला दाणा तांदळाएवढा असेल तर कोवळी, तुरीएवढा झाला असेल आणि शेंगेवर बाहेरून फुगवटे दिसत असतील तर निबर. निबर शेंग कितीही शिजवा, साल चोथ्यासारखी तोंडात राहते. रात्री नऊनंतर स्टेशनबाहेर ढीग लावून स्वस्तात देतात ती बहुतेक अशीच असते. किलोभर घेतलीत तर अर्धी निवडण्यात जाते आणि उरलेली शिजत नाही, म्हणजे ती स्वस्त पडतच नाही. पावच घ्या, पण मोडून बघून घ्या. भाजीवाला कुरकुरला तरी एक शेंग मोडू देतो. सकाळी दादर पश्चिमेला किंवा भायखळ्याला जाणं जमत असेल तर उत्तम, पण तेवढ्यासाठी मुद्दाम जायची गरज नाही. नाक्यावरचा एकच भाजीवाला धरून ठेवा, महिन्याभरात तोच चांगली बाजूला काढून ठेवतो. चिरलेल्या फरसबीच्या पिशव्याही मिळतात. त्या त्याच रात्री करायच्या असतील तरच घ्या. चिरलेली टोकं तपकिरी पडली असतील किंवा पिशवीला आतून घाम आला असेल तर नको.

घरी आल्यावर लगेच धुऊ नका. इथल्या दमट हवेत ओली फरसबी बंद पिशवीत ठेवली की तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होते. कोरडीच सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवस टिकते. करायच्या वेळी अख्खी धुवा, निथळू द्या, मग चिरा. चिरून धुतली तर पाणी शेंगेच्या पोटात शिरतं आणि पुढं कढईत तेच सुटतं.

निवडताना देठ आणि टोक हातानं मोडा, सुरीनं नाही. मोडताना कडेची शीर आपोआप ओढली जाते, आणि एखाद्या शेंगेला बारीक भोक असेल तर तेही दिसतं. ती शेंग उभी फाडून बघा, अळी असते. लोकलच्या लेडीज डब्यात बायका मांडीवर पिशवी घेऊन हेच करत असतात, विरारपर्यंत दोन दिवसांची भाजी निवडून होते. ती सवय चांगली आहे, उचला. चिरताना आठ-दहा शेंगा एकत्र धरून पाव इंचाचे तुकडे करा. तुकडे एकसारखे हवेत. काही पाव इंच आणि काही इंचभर असले तर बारीक गळून जातात तेव्हा मोठे अजून कचकचीत असतात. याला दुसरा उपाय नाही.

आता पाणी. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतून येतं आणि ते मऊ असतं. गावाकडं बोअरचं जड पाणी वापरायची सवय असेल तर हा फरक लक्षात घ्या. जड पाण्यातले क्षार डाळीला आणि शेंगेला लवकर मऊ होऊ देत नाहीत. म्हणून तिकडं वाटीभर पाणी घालून, झाकून, वीस-पंचवीस मिनिटं शिजवायची रीत पडलेली असते. तेच इथं केलंत तर फरसबीचा रंग शेवाळी होतो आणि तुकडे दाबले की फुटतात. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मात्र उलट. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो का बघा. धरत असेल तर पाणी जड आहे, भाजीला चार-पाच मिनिटं जास्त द्या आणि भाजीत घालायची डाळ आरओ फिल्टरच्या पाण्यात भिजवा.

आणि कुकर नको. हे पुन्हा सांगतो, कारण नव्यानं आलेल्यांतले निम्मे तरी हेच करतात: फरसबीला कुकर नको. एका शिट्टीत ती शिजून पुढं जाते, रंग जातो, वास उकडल्यासारखा येतो, आणि मग ते पाणी आटवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात कढईत भाजी झालीही असती. शिट्टीचा वेळ वाचतो हा भ्रम आहे.

पाव किलो फरसबीला लागणारं सामान असं: तेल एक मोठा चमचा, मोहरी अर्धा चहाचा चमचा, हिंग दोन चिमटी, हळद पाव चहाचा चमचा, कढीपत्त्याची सहा-सात पानं, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, मीठ अर्धा चहाचा चमचा, गुळाचा बोराएवढा खडा, ओलं खोबरं तीन मोठे चमचे, मूठभर कोथिंबीर. हवी असेल तर एक मोठा चमचा मूगडाळ, अर्धा तास भिजवून. चणाडाळ घालणार असाल तर किमान दोन तास भिजवा, नाहीतर फरसबी झाली तरी डाळ दाताखाली येते.

कढईत तेल तापलं की मोहरीचे तीन-चार दाणे टाकून बघा. लगेच उडाले तर बाकीची मोहरी घाला आणि ती पूर्ण तडतडू द्या. अर्धवट तडतडलेली मोहरी कडू लागते. तडतड कमी व्हायला लागली की गॅस अगदी बारीक करा, मगच हिंग, मिरची, कढीपत्ता आणि शेवटी हळद. हळद घातल्याबरोबर भाजी घालायची, दोन श्वासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. जळलेल्या हळदीचा काळपट रंग आणि कडसर चव शेवटपर्यंत जात नाही. इंडक्शनवर करत असाल तर मोहरी तडतडल्यावर बटण बंदच करा, भांड्याच्या उष्णतेवर फोडणी पुरी होते. बहुतेकांची इंडक्शनवरची फोडणी इथंच जळते, कारण गॅससारखी आच डोळ्यांना दिसत नाही.

फरसबी आणि निथळलेली डाळ घातली की आच मध्यमपेक्षा थोडी वर ठेवून, झाकण न ठेवता तीन मिनिटं परता. हे चुकवू नका. सुरुवातीला कढईतून ओला, फसफसणारा आवाज येतो; शेंगेवरचं पाणी उडालं की तो कोरडा, बारीक चरचरीत होतो आणि तुकडे चकचकीत गडद हिरवे दिसायला लागतात. तो आवाज बदलला की मीठ घाला. शिजताना शेंगेतून आंबटसर वाफ निघते, ती पहिल्या मिनिटांत बाहेर गेली की हिरवा रंग टिकतो, झाकणाखाली कोंडली की रंग मळकट होतो. रंगासाठी खायचा सोडा घालणारे आहेत. रंग येतो, पण शेंग चिकट होते. घालू नका.

मग आच बारीक करा आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात अर्धी वाटी पाणी ओता. भाजीत पाणी नाही, ताटलीत पाणी. आई-आजी हेच करायच्या. ताटली गार राहते म्हणून आतली वाफ तिच्या तळाला लागून थेंबाथेंबानं परत भाजीत पडते. पाच मिनिटांनी ताटली उचलून भाजी तळापासून हलवा. खाली चिकटत असेल तर ताटलीतलंच गरम पाणी दोन चमचे शिंपडा. गार पाणी घातलं की शिजणं मध्येच थांबतं. पुन्हा पाच मिनिटं. ताटलीतल्या पाण्याला कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले की भाजी होत आलेली असते. एक तुकडा खाऊन बघा: दात सहज जायला हवा, पण शेंगेनं आकार धरून ठेवलेला हवा.

कचकचीत आवडते म्हणून अर्धी कच्ची ठेवू नका, आणि सॅलडमध्ये कच्ची तर अजिबात घालू नका. या जातीच्या कच्च्या शेंगेत आणि दाण्यात लेक्टिन नावाचा घटक असतो, तो नीट शिजल्याशिवाय निष्प्रभ होत नाही आणि पोट बिघडवतो.

शिजल्यावर गूळ, एक मिनिट उघडं परतणं, खोबरं, कोथिंबीर, गॅस बंद. कोकम, टोमॅटो किंवा लिंबू घालायचं असेल तर ते शेवटीच. आंबट आधी पडलं की शेंग मऊच होत नाही आणि रंगही जातो. अर्धा तास शिजवूनही फरसबी कडक राहिली अशी तक्रार येते तेव्हा सुरुवातीला टोमॅटो घातलेला निघतो.

खोबरं की दाण्याचं कूट, यावर कोकणातले आणि घाटावरचे रूममेट वाद घालत बसतात. दोन्ही बरोबर आहे. कूट घालायचं तर दोन मोठे चमचे, आणि मिरचीऐवजी कांदा-लसूण मसाला अर्धा चमचा. मात्र एकाच भाजीत खोबरं, कूट आणि मसाला तिन्ही घालू नका. फरसबीची चव सौम्य असते, ती पार दबून जाते.

लोखंडी कढई असेल तर भाजी झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. कढई धुऊन गॅसवर कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवा. इथल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, ओली कढई एका रात्रीत गंजते. पातळ ॲल्युमिनियमची कढई इंडक्शनवर तापतच नाही, विकत घेण्याआधी बुडाला चुंबक लावून बघा.

आता डब्याचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी सातला केलेली भाजी तुम्ही दुपारी एकला खाता. मधले सहा तास डबा गर्दीच्या गाडीत, बॅगेत, ऑफिसच्या कोपऱ्यात असतो. गरम भाजीवर झाकण लावलं की आत वाफेचं पाणी होतं आणि त्यात ओलं खोबरं आंबतं. संपूर्ण डबा फेकावा लागतो, आणि न कळता खाल्लात तर पुढचे दोन दिवस जातात. म्हणून डब्याच्या भाजीत खोबरं गॅस बंद करताना घालायचं नाही. आधी घालून चार मिनिटं परतायचं, ते मोकळं आणि कोरडं दिसेपर्यंत. मग भाजी ताटात पसरून पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. ताटाला खालून हात लावला की गरम लागायला नको. मगच डब्यात भरायची. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये डब्याला ओलं खोबरं बंदच ठेवा, कूट किंवा सुकं खोबरं वापरा. रात्री करून ठेवणार असाल तर खोबऱ्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वाफ निघेपर्यंत गरम करा, खोबरं तेव्हा परता.

उरलेल्या अर्ध्या नारळाची वाटी ओट्यावर ठेवू नका. त्याच दिवशी खवून, चमच्या-चमच्यानं वेगळं करून फ्रीझरमध्ये टाका. वापरण्याआधी चिमूटभर तोंडात टाकून बघा. खवट लागलं तर टाकून द्या, भाजीत लपत नाही.