कूलर, खंजिरी आणि बोसा नोव्हा: नागपुरात घरबसल्या असा ट्रॅक बनवा

बोसा नोव्हा म्हणजे सांबातून निघालेलं ब्राझीलचं निवांत गिटार-संगीत. ब्राझिलियन लूप पॅक (तयार वाजवलेले तुकडे) डाउनलोड केला, त्याखाली लो-फाय म्हणजे संथ, जराशी खरखरीत बीट टाकली आणि झाला ट्रॅक, असं वाटत असेल तर थांबा राजेहो. तो निवांत मूड लूपमधून येत नाही, गिटारवाल्याच्या अंगठ्यातून येते. आधी दोन अल्बम कान देऊन ऐका, जोआओ जिल्बेर्तोचा 1959 चा पहिला आणि त्याची पोरगी बेबेल जिल्बेर्तोचा 2000 साली आलेला, ज्यात निर्माता सुबानं तीच बोसा इलेक्ट्रॉनिक आवाजांत बसवली. जास्त ऐकत बसू नका, नाहीतर नुसते ऐकतच राहाल.

आता रिदम, सगळा खेळ इथंच आहे. टेम्पो मिनिटाला 70 ठोक्यांच्या आसपास ठेवा, म्युझिक ॲपमधला सोळा खाण्यांचा ग्रिड उघडा आणि रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा टक्क आवाज) 1, 4, 7, 11, 14 वर टाका, हा बोसाचा ओळखीचा पॅटर्न. गिटारवर अंगठा 1, 5, 9, 13 वर शांतपणे बेस वाजवत राहणार आणि बाकीची बोटं कॉर्ड मधल्या जागांवर सोडणार, दोन्ही एकदम जमायला वेळ लागते, आधी नुसता अंगठा पक्का करा. सुर्दो म्हणजे सांबाचा मोठा ढोल, त्याचा वजनदार ठोका 5 आणि 13 वर पडते, पहिल्यावर नाही! आपल्याकडं संदलच्या गाडीमागं नाचून नाचून कानाला भरगच्च ठोक्यांची सवय झालेली असते, म्हणून हात आवरा. सुर्दो नसला तर 60 हर्ट्झची साइन वेव्ह, म्हणजे साधा खोल सूर, घेऊन तिचा पिच जरासा खाली घसरवला की काम होते.

पंदेइरो विकत घेऊ नका बरं, महाग पडते. तो झांजा लावलेला डफच असते आणि आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळं खंजिरी गावोगावी आहे, भजनी मंडळातल्या काकांना मागा, देतील. फक्त खंजिरीच्या झांजा जास्त वेळ खणखणतात, पंदेइरोच्या कोरड्या वाजतात, म्हणून झांजांना थोडी कापडी टेप लावा आणि मग रेकॉर्ड करा. ग्रिडला चिकटवू नका, थोडं मागंपुढं राहू द्या.

कॉर्डसाठी डी मायनर नाईन, मग डी फ्लॅट सेव्हन, मग सी मेजर सेव्हन. बेस अर्ध्या अर्ध्या सुरानं खाली उतरते आणि उदासीही आपोआप येते. नायलॉनच्या तारांची गिटार पाहिजे, पण त्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका बे, ताणानं ब्रिज उखडते.

इलेक्ट्रॉनिक भाग मात्र घरातूनच काढा. एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसभर घरघरतेच, तर फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा, वरच्या फ्रिक्वेन्सी लो-पास फिल्टरनं कापा, पिच बदलून गाण्याच्या सुरात आणा, झाला ड्रोन, म्हणजे मागं सतत चालणारा सूर. कूलरच्या पंपाचं पाणी टपकते तो आवाज कापून हाय-हॅटच्या (ड्रमसेटमधल्या झांजांच्या) जागी ठेवला की एकदम भारी लागते. पण गिटार आणि आवाज रेकॉर्ड करताना कूलर बंद पाहिजे, म्हणून ते काम रात्री उशिरा किंवा पहाटे करा, उन्हाळ्यात गिटार दर टेकआधी ट्यून करा, गरमीनं सूर हलते.

गाताना ताण नको. माइकजवळ जाऊन, शेजारी झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही एवढ्या आवाजात, सूर न थरथरवता, गिटारच्या किंचित मागून शब्द सोडा, जिल्बेर्तो हेच करायचा. मराठीतच गा, वऱ्हाडी असलं तर अजून मजा. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, थोडाच.

शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका. सुर्दो गायब वाटला तर व्हॉल्यूम वाढवू नका, त्यावर हलकं सॅच्युरेशन (आवाज जरासा खरखरीत करणारा इफेक्ट) द्या, म्हणजे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या वरचे सूर, येतात आणि छोट्या स्पीकरवरही ठोका कळते.