व्होल्टेज पडलं की गिझरचे वॅट किती?

इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला की दोन सूत्रं लगेच पाठ होतात: व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट. गणित सातवीतल्या पोरालाही जमेल. अडतं ते कुठला आकडा कायम धरायचा आणि कुठला बदलू द्यायचा, इथे. म्हणून हाताखाली नवीन अप्रेंटिस आला की मी सूत्र विचारत नाही, गिझर दाखवतो.

त्याच्या पट्टीवर असतं २३० व्होल्ट, २००० वॅट. २००० भागिले २३०, करंट ८.७ अँपिअर, म्हणजे ६ अँपिअरचं सॉकेट बाद, १६ चंच लागणार. २३० भागिले ८.७, रेझिस्टन्स २६.४ ओहम. इथवर सगळे बरोबर येतात. मग विचारतो, गावाकडे पंप सुरू झाले आणि व्होल्टेज १८० वर आलं, आता करंट किती? बहुतेक जण २००० ला १८० ने भागून ११ अँपिअर सांगून मोकळे होतात. हीटरला हे साफ चूक. पट्टीवरचे २००० वॅट फक्त २३० व्होल्टला खरे. पाणी तापवणारी कॉइल तीच, तिचा रेझिस्टन्स जवळपास तोच. १८० भागिले २६.४, म्हणजे ६.८ अँपिअर. वॅट उरले सव्वाबाराशेच्या आसपास. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, कॉइल गेली. बदलायच्या आधी मोजा.

मोजायचं तर आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा सप्लाय तोडणारा स्विच, पाडा, सप्लाय खरंच गेलाय का ते टेस्टरने बघा, कॉइलच्या वायरी सोडवा आणि मगच मीटर ओहमवर घ्या. पंचवीस-सत्तावीस दाखवलं तर कॉइल ठीक. आकडाच येत नसेल तर तुटलेली. कॉइल आणि बॉडीमध्ये कंटिन्युटी, म्हणजे करंटला जायला सलग वाट, मिळाली तर गिझर अंगावर शॉक देणार, तो तसाच परत चालू करू नका. चालू लोडचा करंट वायरीभोवती चिमट्यासारखा धरायच्या क्लॅम्प मीटरने घ्या, पण एकट्या फेजच्या वायरवर. फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम धरल्या की मीटर शून्य दाखवतो आणि पोरं मीटरलाच नावं ठेवतात. मल्टीमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात असताना व्होल्टेज बघायला गेलात तर सरळ शॉर्ट होतो, हे मात्र डोक्यात पक्कं बसवा.

फिलामेंटचा जुना १०० वॅटचा बल्ब हाती लागला तर तोही मोजा. हिशोबाने ५२९ ओहम यायला हवेत, थंड बल्ब त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी दाखवतो. तार तापली की रेझिस्टन्स वाढतो, आणि ५२९ हा पेटलेल्या बल्बचा आकडा. तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्नही बल्बचाच: ४० आणि १०० वॅटचे बल्ब सिरीजमध्ये लावले तर जास्त कोण पेटेल? ४० चा. सिरीजमध्ये करंट एकच, आणि रेझिस्टन्स ४० वाल्याचा जास्त.

मोटरला हा सरळ हिशोब लावू नका. तिथे ५ अँपिअर गुणिले २३० म्हणजे ११५० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.८ असेल तर वॅट ९२०. आणि वाइंडिंगचे ओहम मोजून त्यावरून करंट काढू गेलात तर आकडा भलताच मोठा येतो, कारण फिरती मोटर स्वतःच सप्लायच्या उलट व्होल्टेज तयार करते.