संहिता नसलेल्या नाटकाची वही

नवव्या दिवशी आम्हाला एक प्रसंग सापडला आणि पंचविसाव्या दिवशी तो मेला. तो मरण्यात माझा हात मोठा होता, म्हणून हे लिहितेय. यंदा तुमच्यापैकी कुणी ‘लेखक नको, आपण सगळे मिळून रचू’ असं ठरवून तालमीला उभं राहणार असेल, तर बाकीचं सोडलंत तरी चालेल, त्या प्रसंगाचं तेवढं वाचा.

आम्ही अकरा जण होतो. पुण्यातलं कॉलेज, पावसाळ्यातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, हातात सहा आठवडे. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात राज्यभरातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं-मुली राहतात. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा आणि अभ्यासिकेत दोन पार्टिशनच्या मध्ये हातभर जागा. आमच्यातल्या तिघांची भावंडं तिथंच होती. २०२१ च्या मार्चमध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली आणि ही मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हाचं आम्हाला सगळं आठवत होतं.

पहिला आठवडा आम्ही फक्त माणसांना भेटलो. चहाच्या टपरीवर, मेसच्या रांगेत, रात्री अकरानंतर अभ्यासिकेच्या जिन्यात. दुसऱ्या आठवड्यात त्यावर इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं, म्हणजे संवाद आधी न लिहिता उभ्या उभ्या प्रसंग करून बघणं. नववा, पंचविसावा हे दिवस मी इथून मोजतेय. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. सगळे मोठमोठ्यानं रडत होते, आईवडिलांना फोन लावत होते, छतावर जाऊन उभे राहत होते. तुमच्याकडेही हेच होईल. घाबरू नका. वरवरचं सगळं आधी बाहेर पडावं लागतं, त्याशिवाय खालचं दिसत नाही. चार-पाच दिवस काहीच हाती लागलं नाही म्हणून जे गट घाईघाईनं एखादी तयार संहिता शोधायला पळतात, ते नेमके दारातून परत फिरतात असं मला वाटतं.

नवव्या दिवशीचा प्रसंग असा. रात्रीची अभ्यासिका, चौघं वाचतायत. पाचव्याच्या मोबाईलवर निकाल आलाय आणि तो यादीत नाही. त्याला बाहेर जायचंय, पण दारापर्यंत जायला चौघांच्या खुर्च्यांमागून जावं लागतं. बारा मिनिटं हे चाललं. बोलणं जवळजवळ नव्हतंच. एकानं त्याच्याकडे पेन मागितलं. एक मुलगी म्हणाली, पंखा कमी करतोस का. एक जण तेच पान परत परत उलटत राहिला. शेवटी पाचवा दारापर्यंत गेलाच नाही, परत येऊन बसला आणि त्यानं पुस्तक उघडलं. बघणारे आम्ही सहा जण नंतर कितीतरी वेळ गप्प होतो. कुणीतरी उठून दिवा लावला तेव्हा लक्षात आलं की बाहेर अंधार पडलाय.

ते सगळं मोबाईलवर शूट झालं होतं. स्पर्धेला संहिता आधी द्यावी लागते, तारीख जवळ येत होती. मी घरी जाऊन ती बारा मिनिटं ऐकली, थांबवली, परत ऐकली आणि शब्दन् शब्द उतरवला. कोण कधी उठला, कुठे वळला, तेही कंसात लिहिलं. टाइप करून अकरा प्रती वाटल्या. मला वाटत होतं, मी तो प्रसंग वाचवलाय.

पाठांतर झालं आणि प्रसंग हळूहळू विझायला लागला. आम्ही पॉझ वाढवले. मग कमी केले. मागे बासरी लावली. खुर्च्यांचं ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे बसणार, कुठून जाणार, तीनदा बदललं. पंचविसाव्या दिवशी रनथ्रू, म्हणजे सगळं नाटक सलग केलं, त्यात तो प्रसंग संपला तेव्हा बघणाऱ्यांपैकी दोघं मोबाईल पाहत होते. आणि मी त्या पाचव्याला सगळ्यांसमोर म्हटलं, “तू त्या दिवशी करत होतास ते आता करत नाहीयेस.” हे वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. कारण त्याच्याकडे ते करायला काही शिल्लकच नव्हतं, आणि ते मीच काढून घेतलं होतं.

कसं ते नीट सांगते, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

नवव्या दिवशी सुरुवात करण्याआधी आमच्या दिग्दर्शिकेनं प्रत्येकाच्या कानात काहीतरी वेगळं सांगितलं होतं. एकाला: पाचव्यानं तुझे दोन हजार घेतलेत, आज मागायचेच. मुलीला: मेस दहाला बंद होते, तुला भूक लागलीय, पण धडा संपल्याशिवाय उठायचं नाही. पान उलटणाऱ्याला: तुझाही निकाल लागलाय आणि तू यादीत आहेस, पण हे कुणालाही कळू द्यायचं नाही. चौथ्याला काहीच नाही, तू फक्त वाच. आणि पाचव्याला: बाहेर जायचंय, कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. कुणाच्या कानात काय आहे हे दुसऱ्याला माहीत नव्हतं.

आता ते पेन बघा. दोन हजार मागायला उठलेल्या मुलानं पाचव्याचा चेहरा पाहिला, पैसे मागवेनात, म्हणून पेन मागितलं. त्या ‘पेन आहे का’ मध्ये दोन हजार रुपये होते. माझ्या टाइप केलेल्या प्रतीत उरलं फक्त पेन. पुन्हा, प्रत वाचल्यावर सगळ्यांना सगळंच ठाऊक झालं. ज्याला पाचव्याचा निकाल माहीत नसायला हवा, तो आधीच दुःखी चेहरा करून बसायला लागला. मी शब्द जपून ठेवले आणि ते शब्द ज्यातून आले ती अट फेकून दिली. कानात सांगितलेलं कुणीही, कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. व्हिडिओत ते दिसत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्यात कुडाळचा एक मुलगा होता, त्याचे मामा दशावतारात, म्हणजे कोकणात जत्रेच्या रात्री होणाऱ्या पौराणिक नाटकांत, काम करतात. मी डोकं धरून बसले होते तेव्हा तो सहज म्हणाला, “मामाकडे कुठे असतात पानं?” दशावतारी नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. जत्रेच्या रात्री आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र, कथा कुठून कुठे जायची, एवढं आपसात बोलून घेतात, आणि मग पहाटेपर्यंत राजा राजासारखा बोलतो. कारण आपण कोण, समोरचा कोण, आपल्याला त्याच्याकडून काय हवंय आणि कुठपर्यंत ताणायचं, हे त्याला पक्कं असतं. शब्द दर रात्री नवे, अट तीच. दोन-तीन रात्री झोप न झालेला माणूससुद्धा त्या आधारावर उभा राहतो, असं तो सांगत होता.

म्हणून सांगते, पहिल्या दिवशी एक वही घ्या. साधी, दोनशे पानी. मोबाईलमधलं ॲप नको, ती हातोहात फिरली पाहिजे. प्रत्येक इम्प्रोव्हायझेशननंतर पाच मिनिटांच्या आत लिहायचं: कुणाला काय माहीत होतं, कुणाला काय माहीत नव्हतं, कुणाला कुणाकडून काय हवं होतं, कशामुळे ते मिळत नव्हतं, कुठली वस्तू हातात होती, आणि प्रसंग कशानं संपला. संवाद लिहूच नका. एखादं फारच अचूक वाक्य असेल तर समासात. मग तोच प्रसंग त्याच अटींवर परत करा. दुसऱ्या दिवशी परत. एखादी अट मुद्दाम बदलून बघा, म्हणजे कुठल्या अटीवर सगळं उभं आहे ते कळतं. आमच्या प्रसंगात ती यादीत नाव असलेल्या मुलाची होती. ती काढली की सगळं नेहमीचं रडगाणं व्हायचं. पंधरा-वीस वेळा केल्यावर शब्द आपोआप बसतात, तेव्हा टाइप करा. आणि टाइप केल्यानंतरही दर चार दिवसांनी एकदा प्रती बाजूला ठेवून कानात सांगून करा.

आम्हाला हे समजेपर्यंत उशीर झाला होता. स्पर्धेत विझलेलाच प्रसंग सादर झाला आणि आम्ही प्राथमिक फेरीतच थांबलो. त्या रात्री नाट्यगृहाबाहेर अकरा जण पावसात उभे होतो आणि कुणीच कुणाला दोष दिला नाही, हे मला त्या सहा आठवड्यांतलं सगळ्यात चांगलं वाटतं. दिवाळीनंतर नवी वही घालून आम्ही नाटक पहिल्यापासून परत उभं केलं आणि छोट्या सभागृहांत चार प्रयोग केले.

कापाकापीबद्दल थोडं. आमच्याकडे तीन तासांचं सामान जमलं होतं आणि नाटक चाळीस मिनिटांचं होतं. प्रत्येकाला आपला प्रसंग प्रिय. ‘सगळ्यांचं थोडं थोडं ठेवू’ म्हणालात की नाटक संपलं. शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्याच दिवशी, कुणाचाच प्रसंग पणाला लागलेला नसताना ठरवा. लंडनमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या जॉइंट स्टॉक या नाट्यसंस्थेत नट, दिग्दर्शक आणि लेखक आधी एकत्र कार्यशाळा करायचे, मग लेखक एकटा बसून लिहायचा आणि त्यानंतर तालमी व्हायच्या. मधला तो एकट्यानं लिहिण्याचा काळ मला फार शहाणपणाचा वाटतो. समूहानं रचायचं म्हणजे लेखणीला अकरा हात लागलेच पाहिजेत असं नाही.

स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर ‘लेखक’ म्हणून कुणाचं नाव, यावर आमचं जितकं वाजलं तितकं कशावरच नाही. कागदावर आधी ठरवून घ्या, सह्या करा. मैत्री आहे म्हणून टाळू नका, मैत्री आहे म्हणूनच करा. आणि तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे कधी ना कधी नाटक कागदावर येणारच, त्याला वेळ राखून ठेवा.

मार्गदर्शकांविषयी माझं मत कडक आहे. शेवटच्या आठवड्यात एक दिवस येऊन ‘हे सगळं काढा, इथे कोरस टाका’ सांगणाऱ्या सीनियरला नम्रपणे चहा पाजून निरोप द्या. जो माणूस दुसऱ्या आठवड्यात, काहीच होत नसताना, तीन तास कोपऱ्यात बसून राहतो, त्याचं ऐका. रील्सवरचे थिएटर गेम्स अंग मोकळं करायला ठीक, त्यातून नाटक निघत नाही.

शेवटचं सांगते ते मात्र जपून करा. जिन्यात भेटलेल्या एका मुलानं आम्हाला सांगितलं होतं, “घरी फोन लावला की मी आधी पाऊस किती झाला ते विचारतो, म्हणजे तिकडून परीक्षेचं कुणी काढत नाही.” आम्ही ते वाक्य जसंच्या तसं घेतलं, त्याच्या गावाच्या नावासकट. त्याला विचारलं नाही. बोलताना तो खुशीत होता, तेवढ्यावर आम्ही परवानगी धरली. दुसऱ्या छोट्या प्रयोगाला तो रूममेटला घेऊन आला. ते वाक्य आलं तेव्हा रूममेटनं त्याच्याकडे पाहिलं, हे मी विंगेतून बघितलं. प्रयोग संपल्यावर तो भेटायला थांबला नाही.

आठवडाभरानं मी फोन केला, माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “वाक्य राहू द्या. गाव बदला. आणि तुमचा मुलगा पाऊस विचारल्यावर लगेच पुढचं बोलतो, तसं नसतं. तिकडून उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, कारण आई खरंच बाहेर जाऊन बघून येते.”

मी वही उघडली आणि त्या प्रसंगाच्या पानावर लिहिलं: आई बाहेर जाऊन बघून येते, तोवर थांबणे.