घरच्या घरी भिंती रंगवताय? या चुका टाळा

सुट्टीच्या दोन दिवसांत खोलीचं रूप पालटतं, मजुरी वाचते आणि रंग आपल्या मनासारखा लागतो. म्हणूनच पुष्कळजण स्वतः रोलर हातात घेतात. मात्र वर्षभरात पोपडे सुटले, तर दोष बहुतेक वेळा रंगात नसतो, त्याच्या खालच्या थरात असतो.

सगळ्यात महागात पडते ती ओल. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पाणी वाळतं, क्षार पृष्ठभागाशी साठून फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. त्यावर नवा रंग चढवला की तोही तसाच सुटतो. शंका असेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा आणि 24 तासांनी बघा. आतल्या बाजूला थेंब जमले असतील किंवा भिंत काळवंडली असेल, तर रंगकाम थांबवा. ओल कुठून येते ते आधी शोधा: बाहेरच्या भिंतीची भेग, गच्ची, की पलीकडचं न्हाणीघर. तळमजल्यावर जमिनीलगत दोन-तीन फूट ओल चढत असेल, तर आतून वॉटरप्रूफ कोट मारून ती जात नाही. बहुधा आणखी वर सरकते. कोकण-मुंबईकडे हे काम पावसाळा सरून भिंती नीट सुकल्यावरच काढावं. नवं प्लास्टर असेल तर किमान 28 दिवस थांबा.

दुसरी चूक म्हणजे जुना चुना किंवा डिस्टेंपर तसाच ठेवून वर लांबी, म्हणजे भिंत गुळगुळीत करणारी पुट्टी, भरणं. भिंतीवर हात फिरवा. तळव्याला पांढरी भुकटी लागली, तर लांबी भिंतीला नव्हे, त्या भुकटीला चिकटणार. पत्र्याने खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या.

लांबीचे दोन प्रकार लोक सर्रास गल्लत करून वापरतात. पांढऱ्या सिमेंटची लांबी पाणी शिंपडून ओलसर केलेल्या उघड्या प्लास्टरवर थेट लागते, प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) नंतर. डब्यात तयार मिळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक लांबीखाली मात्र आधी प्राइमर लागतो आणि वरही. सिमेंटच्या लांबीला किलोमागे साधारण 350 ते 400 मिली पाणी पुरतं. दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी घालून सैल केली की तिची ताकद जाते. एका हातात दीड मिलिमीटरहून जाड थर नको, तडे जातात. खोल खड्डा असेल तर आधी सिमेंट-वाळूने बुजवा.

वाळलेली लांबी घासून झाल्यावर धूळ पुसायची राहते आणि प्राइमर तिच्यावरच बसतो. फार साधी गोष्ट, पण अनेकांचं काम इथेच बिघडतं.

रंग किती आणायचा? 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली धरा. चार भिंती मिळून 440 चौरस फूट. दार-खिडक्या वजा जाता 380 च्या आसपास. दोन हातांना लिटरमागे 60 ते 70 चौरस फूट धरले, तर सहा लिटर लागतील. सगळा एकदम आणा आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, कारण एकाच शेडच्या दोन डब्यांत छटेचा फरक निघू शकतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त पातळ केला तर खालचा थर दिसतो आणि तिसरा हात द्यावा लागतो.

एक भिंत अर्धवट सोडून जेवायला उठू नका. वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरला की पट्टा उमटतो, आणि तो नंतर लपत नाही. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या, दमट हवेत त्याहून जास्त. मास्किंग टेप रंग ओलसर असतानाच काढा, नाहीतर कडेचा रंग सोलला जातो.

जुन्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटशी विशेष जपून वागा. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. हा जुना रंग कोरडा घासू नका, पाण्याने भिजवून वॉटर पेपरने (ओला वापरायच्या घासकागदाने) घासा, मास्क लावा, निघालेला गाळ ओल्या फडक्याने टिपून घ्या. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत.